तापत्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग : मेम्ब्रेनची निवड आणि बसवणूक

गच्चीचे वॉटरप्रूफिंग करतात पावसासाठी, पण ते खराब होते उन्हाने. चंद्रपूर, नागपूर, अकोल्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो, तेव्हा उघड्या गच्चीवरच्या काळ्या मेम्ब्रेनचा पृष्ठभाग ७० अंशांच्या आसपास तापलेला असतो. पहाटेपर्यंत तोच ३० अंशांवर येतो, आणि वळवाची सर कोसळली तर काही मिनिटांतच थंड पडतो. काँक्रीट दर अंशाला मीटरमागे साधारण एक शतांश मिलिमीटर वाढते. म्हणजे २० मीटर लांबीच्या स्लॅबचे तापमान ४० अंशांनी बदलले, तर तो ८ मिलिमीटर लांब-आखूड होऊ पाहतो. ही हालचाल जुने तडे, बांधकामातले जोड आणि कठड्याचे मूळ यांच्यावर येऊन साचते. वरून अतिनील किरण मेम्ब्रेनच्या डांबरातली हलकी तेले उडवतात, ते कडक होते आणि मगरीच्या पाठीसारखे तडकते. म्हणून उष्ण प्रदेशात मेम्ब्रेन निवडताना ते पाणी किती अडवते, यापेक्षा उन्हात किती वर्षे लवचीक राहते, हे आधी पाहावे लागते.

महाराष्ट्रातल्या बहुतेक जुन्या गच्च्यांवर ब्रिकबॅट कोबा आहे. विटांचे तुकडे सिमेंटच्या मसाल्यात बसवून ढाळ द्यायचा, वरून घोटून दोरीने चौकडी मारायची किंवा चायना मोझॅक लावायचे, ही ती पद्धत. नव्या उत्पादनांच्या भरात कोब्याला नावे ठेवली जातात, ते योग्य नाही. स्लॅबवर थेट ऊन पडू न देण्याचे मोठे काम तो करतो. त्याचे दोष दोन. १२ सेंटिमीटर जाडीचा कोबा दर चौरस मीटरला २०० किलोहून अधिक भार टाकतो. आणि एकदा वरचा थर तडकला की विटा पाणी पिऊन बसतात. मग गळती दिसते एका खोलीत आणि पाणी शिरलेले असते भलतीकडेच.

मेम्ब्रेनमध्ये सर्वाधिक चालते ते गॅसच्या टॉर्चने चिकटवायचे एपीपी मेम्ब्रेन. मिलानमध्ये जुलिओ नाट्टा यांनी १९५४ मध्ये पॉलिप्रॉपिलीन तयार केले. पुढे त्याच्या कारखानी उत्पादनात एक मऊ, निरुपयोगी भाग, म्हणजेच एपीपी, उरू लागला. इटलीत १९६० च्या दशकात तो डांबरात मिसळला गेला आणि हे मेम्ब्रेन जन्माला आले. या मिश्रणाचा मृदुबिंदू १५० अंशांच्या घरात असतो, त्यामुळे कठड्यावर उभे चढवलेले मेम्ब्रेन उन्हाळ्यात ओघळत नाही. एसबीएस हे दुसरे मिश्रण थंडीत जास्त लवचीक, पण त्याचा मृदुबिंदू बराच खाली असतो. ते हिमाचलात शोभते, विदर्भातल्या उघड्या गच्चीसाठी एपीपीच बरे. आतली जाळी पॉलिस्टरची हवी. फायबरग्लासची जाळी आकार चांगला धरते, पण स्लॅबच्या हालचालीसोबत ताणत नाही, फाटते. आणि साधे, प्लास्टिकच्या पातळ फिल्मचे मेम्ब्रेन कधीही उघडे ठेवू नये. वर काही टाकायचे नसेल, तर खनिजांच्या बारीक खड्यांचा पृष्ठभाग असलेलेच घ्यावे.

कारखाने आणि मॉल यांच्या मोठ्या, मोकळ्या छतांवर पीव्हीसी किंवा टीपीओचे पांढरे पत्रे चांगले बसतात. त्यांचे जोड गरम हवेने वितळवून सांधले जातात. पीव्हीसी मात्र जुन्या डांबरी थरावर थेट टाकता येत नाही. डांबराच्या संपर्कात त्यातले मऊपणा देणारे द्रव्य निघून जाते आणि ते ठिसूळ होते, म्हणून मध्ये जिओटेक्स्टाइल अंथरावे लागते.

घरगुती गच्चीचे चित्र वेगळे असते. टाकीचे खांब, प्लंबिंगचे पाइप, जिन्याची खोली, डिशचे स्टँड अशी गर्दी. तिथे दर दोन फुटांवर मेम्ब्रेन कापून जोडावे लागते, आणि प्रत्येक जोड ही गळतीची शक्यता. अशा जागी द्रवरूप पॉलियुरेथेन जास्त विश्वासाचे, कारण ते जोडाविना पसरते. त्याचा स्वस्त, अ‍ॅरोमॅटिक प्रकार उन्हात पिवळा पडून भुकटी सोडू लागतो. तो उघडा राहणार असेल, तर वरून अ‍ॅलिफॅटिक प्रकारचा हात द्यावाच लागतो. अ‍ॅक्रिलिकचे पांढरे लेप स्वस्त आणि सोपे, पण जिथे पाणी साचून राहते तिथे बरेच लेप मऊ पडून सुटतात.

द्रवरूप लेपात फसवणूक होते ती जाडीत. एक लिटर माल एक चौरस मीटरवर पसरला, तर ओला थर १ मिलिमीटरचा होतो. मालात घन भाग ६० टक्के असेल, तर वाळल्यावर ०.६ मिलिमीटरच उरतो. दीड मिलिमीटर सुका थर हवा, तर चौरस मीटरला अडीच लिटर लागणार. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर २० लिटरच्या साडेबारा बादल्या रिकाम्या व्हायलाच हव्यात. मालकाने रिकाम्या बादल्या मोजणे, हा कोणत्याही वॉरंटीच्या कागदापेक्षा खात्रीचा उपाय आहे.

मेम्ब्रेन कोणतेही असो, खाली स्लॅब ओला असेल तर ते टिकत नाही. बंद जागेतल्या पाण्याच्या वाफेचा दाब २५ अंशांना जेवढा असतो, त्याच्या जवळपास दहापट तो ७० अंशांना होतो. कोब्यात किंवा स्लॅबमध्ये अडकलेले पाणी मे महिन्यात मेम्ब्रेन वर ढकलते आणि फुगे येतात. रात्री ते बसतात, दुपारी पुन्हा फुगतात, आणि पाय पडला की फुटतात. नव्या स्लॅबचे क्युरिंग संपून तो वाळेपर्यंत थांबले पाहिजे. पावसाळाभर भिजलेल्या कोब्याला तर दिवाळीनंतरही काही महिने लागतात. परीक्षा सोपी आहे. दीड फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून किमान १६ तास ठेवावा. खाली थेंब जमले किंवा काँक्रीट काळपट दिसले, तर काम पुढे ढकलावे. फेब्रुवारी-मार्च हा यासाठी सर्वांत चांगला काळ.

कामाची वेळही मालाप्रमाणे बदलते. द्रवरूप लेप सकाळी लावला, की तापत जाणाऱ्या काँक्रीटमधली हवा प्रसरण पावून लेपातून बाहेर पडते आणि टाचणीएवढी असंख्य छिद्रे ठेवून जाते. स्लॅब निवू लागल्यावर, म्हणजे दुपार कलल्यावर लेप लावला, तर काँक्रीटची छिद्रे लेपाला आत ओढून घेतात. टॉर्चचे काम मात्र सकाळी उरकावे. भर दुपारी मेम्ब्रेन इतके मऊ होते की कामगारांच्या टाचांचे ठसे उमटतात.

मेम्ब्रेन बसवण्याआधी तडे भरून, किमान १०० ला १ असा ढाळ आउटलेटकडे आहे याची खात्री करावी. कठडा आणि स्लॅब यांच्या काटकोनात सिमेंटचा गोलसर वाटा काढावा, नाहीतर मेम्ब्रेन तिथे दुमडून चिरते. प्रायमर पूर्ण वाळला की ढाळाच्या सर्वांत खालच्या कडेपासून रोल उलगडायचे, म्हणजे वरचा पट्टा खालच्यावर चढतो आणि पाणी जोडाच्या विरुद्ध वाहत नाही. बाजूचा जोड १० सेंटिमीटर, टोकाचा १५. शेजारच्या पट्ट्यांचे टोकाचे जोड एका रेषेत येऊ देऊ नयेत. टॉर्चची ज्योत फिल्म वितळून डांबर चकाकेपर्यंतच द्यावी. दाबल्यावर जोडाच्या कडेने बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढी डांबराची सलग रेघ बाहेर आली, तर जोड साधला. रेघ तुटक असेल तर तिथे हवा राहिली, आणि पॉलिस्टर दिसू लागले तर मेम्ब्रेन जळाले. कठड्यावर ते पूर्ण झालेल्या फरशीच्या पातळीपासून किमान १५ सेंटिमीटर वर न्यावे आणि टोक खाचेत घालून सीलंटने बंद करावे. आउटलेटभोवती दुहेरी थर द्यावा. बहुतेक गळती सपाट भागातून होत नाही, ती या कडांमधूनच होते.

यानंतर आउटलेट बुजवून ४८ तास पाणी कोंडायचे आणि खालच्या मजल्याचे छत रोज पाहायचे. ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला ५० किलो भार. जुन्या स्लॅबवर पाणी कोंडण्यापूर्वी अभियंत्याला विचारावे. चाचणी यशस्वी झाली की वापराच्या गच्चीवर जिओटेक्स्टाइल अंथरून सिमेंटचा संरक्षक थर किंवा फिकट रंगाच्या फरश्या बसवाव्यात. फिकट पृष्ठभाग ऊन परतवतो, त्याने मेम्ब्रेनचे आयुष्य वाढते आणि खालची खोलीही थंड राहते. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरण आणले, ते याच कारणाने. पांढऱ्या लेपावर धूळ बसली की ही क्षमता घटते, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाशी गच्ची धुऊन घ्यावी.

अलीकडे घरोघरी सोलर पॅनेल येत आहेत आणि त्यांचे स्टँड बसवताना स्लॅबला सर्रास ड्रिल मारले जाते. प्रत्येक अँकर मेम्ब्रेनला आरपार भोक पाडतो. पॅनेलचे नियोजन असेल, तर त्यासाठीचे काँक्रीटचे ठोकळे वॉटरप्रूफिंगच्या आधी ओतून घ्यावेत आणि मेम्ब्रेन त्यांच्या अंगावरून वर चढवावे. काम आधीच झाले असेल, तर वाऱ्याचा हिशोब करून वजनावर उभे राहणारे स्टँड वापरावेत. त्याखाली रबराचे पॅड ठेवावेत आणि स्लॅब तो भार पेलतो का, हे तपासून घ्यावे.