झाड लावणारे आणि झाड जगवणारे

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण, छपाईसाठी थोडे संपादित करून.)



अध्यक्षसाहेबांनी मला विषय दिला आहे, 'माझा परदेशातील अभ्यासदौरा'. मी काही वक्ता नाही. पण याच सभागृहातल्या संध्याकाळच्या अभ्यासिकेत मी बाराखडी गिरवली, तेव्हा नाही म्हणण्याची सोय नव्हती. परदेशात जाऊन आलेल्या माणसाने विमानाचं, बर्फाचं आणि उंच इमारतींचं वर्णन करावं अशी लोकांची अपेक्षा असते. माझ्याकडे त्यातलं फारसं नाही. मी पाच महिने डोंगरावर गवत काढलं. त्याची ही हकीकत आहे, ती गोड मानून घ्यावी.

सरकारी शिष्यवृत्तीवर मी परदेशातल्या एका विद्यापीठात पर्यावरणाचा अभ्यास करीत होते. त्या अभ्यासक्रमात एक संपूर्ण सत्र वर्गाबाहेर काढावं लागतं. आम्ही चौदा विद्यार्थी उत्तर थायलंडला गेलो. जून ते नोव्हेंबर. योजना अशी की आधी चिआंग माई शहरात राहून थोडी भाषा शिकायची, मग थोडा प्रवास, आणि उरलेले महिने डोंगरातल्या एका गावी लोकांच्या घरात राहून जंगल पुन्हा उभं करण्याच्या कामात हात लावायचा. सकाळी काम, दुपारी अभ्यास.

मला वाटलं होतं, बौद्धांचा देश, आपल्या माणसांतच चाललो आहोत. चिआंग माईत तसं वाटलंही. पहाटे भिक्खू पिंडपाताला निघतात, बायका दारात भात घेऊन उभ्या असतात. पण राहायला मिळालं ते घर ह्मोंग समाजाचं. त्या घरात बुद्धमूर्ती नव्हती. भिंतीवर पूर्वजांच्या पूजेची जागा होती. मी मनातून जरा हिरमुसले. मग माझी मलाच लाज वाटली. आपण कुणाच्या घरी राहायला जातो ते आपलंच तोंड आरशात पाहायला जातो का?

घरच्या बाईंना मी मावशी म्हणू लागले. त्यांनाही तो शब्द आवडला. त्यांच्या भाषेत आभार मानताना 'उआ चाऊ' म्हणतात, तेवढं मला पहिल्या दिवशी आलं. जमीन मातीची, मध्ये चूल, भात, उकडलेली भाजी आणि मिरचीचा ठेचा. ठेच्यावरून आमची ओळख लवकर पटली.

आता कामाचं सांगते. थायलंडमध्ये 1988 च्या नोव्हेंबरात दक्षिणेकडे मोठे पूर आले, दरडी कोसळल्या, माणसं गेली. त्यानंतर 1989 च्या जानेवारीत सरकारने जंगलतोडीचे ठेके बंद केले. पण तोपर्यंत कितीतरी डोंगर उघडे झाले होते. चिआंग माई विद्यापीठात 1994 साली वनपुनर्स्थापनेचा संशोधन विभाग सुरू झाला. डॉ. स्टीफन एलियट आणि डॉ. विलायवान अनुसार्नसुनथोर्न यांनी तो उभा केला. त्यांनी ऑस्ट्रेलियात निघालेली एक पद्धत तिथल्या डोंगरांना लावून पाहिली. सगळं जंगल माणसाने लावायचं नाही. तिथलीच वीस-तीस जातींची झाडं निवडायची, लवकर वाढणारी, गवतावर सावली धरणारी, आणि पाखरांना बोलावणारी. उंबराच्या कुळातली झाडं त्यात असतात, आपल्या पांगाऱ्याची भावंडं असतात. उंबर पिकला की बुलबुल येतात, पोटातून दुसऱ्याच झाडांचं बी आणून टाकतात. पुढचं जंगल पाखरं लावतात.

बान मे सा माई नावाच्या ह्मोंग गावाजवळ गावकऱ्यांच्या मदतीने लावलेली अशी जुनी झाडी आम्हाला दाखवली. तिथे आठ-नऊ वर्षांत न लावलेल्या सत्तरहून अधिक जातींची झाडं आपोआप उगवून आल्याची नोंद अभ्यासकांनी केली आहे. आत शिरलं की माणसाने लावलेलं कुठलं नि पाखराने लावलेलं कुठलं हे ओळखू येत नाही. एके काळी तिथे पुरुषभर गवत होतं, यावर विश्वास बसत नाही.

पण ही पद्धत ऐकायला जितकी सुंदर तितकी करायला कष्टाची. पावसाच्या सुरुवातीला हेक्टरी तीन हजारांवर रोपं लावतात. लावणीच्या दिवशी सगळे हजर! आमचे चौदाजण, फोटो, हसणं-खिदळणं. मी साठ रोपं लावली. त्यानंतर पावसाळ्यात निदान तीन वेळा प्रत्येक रोपाभोवतीचं गवत काढायचं, खत द्यायचं, बुंध्याशी पुठ्ठा अंथरायचा. दोन वर्षं हे चालतं. त्या दिवसांत फोटो काढायला कुणी येत नाही.

पहिल्या खुरपणीला मी मोठ्या ऐटीत उतरले. शेतकऱ्याची नात मी, मला काय गवत काढायला शिकवणार? रोपांजवळ खुणेला बांबूच्या काड्या रोवलेल्या असतात. पावसाने काही काड्या पडल्या होत्या. मी झपाझप विळा चालवला आणि चार रोपं कापून टाकली. मावशी आल्या. रागावल्या नाहीत. माझ्या हातातला विळा काढून बाजूला ठेवला, गुडघ्यावर बसल्या, आणि रोपाभोवतीचं गवत बोटांनी चाचपत उपटू लागल्या. रोपाजवळ हात चालवायचा, विळा लांबच्या गवताला. बस्स, एवढाच धडा. पुस्तकात तो मी वाचला होता, बरं का. परीक्षेत लिहिलासुद्धा असता.

एका संध्याकाळी चुलीपाशी मी घरच्या काकांना विचारलं, हे जंगल वाढलं की ते कुणाचं? आमच्या शिक्षकांनी भाषांतर केलं. काका म्हणाले, "कागदावर उद्यानाचं. गवत काढायला आमचं."

ते हसून म्हणाले, पण मला हसू आलं नाही. दोई सुथेप-पुई राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं ते 14 एप्रिल 1981 रोजी. तारीख वाचून मी थबकलेच. त्या डोंगरातली कित्येक ह्मोंग गावं त्याच्या आधीपासून तिथे आहेत. एका दिवसात ती उद्यानाच्या हद्दीत आली, आणि पिढ्यान्‌पिढ्या डोंगर कसणारी माणसं कायद्याच्या नजरेत जंगल बळकावणारी ठरली. खालच्या मैदानातले पुष्कळ लोक आजही म्हणतात, डोंगर उघडे केले ते या लोकांनीच. मोठ्या ठेकेदारांनी नेलेल्या लाकडाची आठवण कुणी काढत नाही. डोंगरातल्या अनेकांना तर नागरिकत्वच नव्हतं. ऑक्टोबर 2024 मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने सुमारे 4 लाख 80 हजार लोकांना कायम वास्तव्य व नागरिकत्व लवकर देण्याचा निर्णय घेतला. इतकी माणसं वर्षानुवर्षं कागदावाचून राहत होती.

त्या रात्री मला माझी आजी आठवली. इथल्या थोरांना ठाऊक आहे, कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1964 साली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला, त्यात आजी तुरुंगात गेली होती. पुढे तिने गावच्या गायरानातला एक तुकडा वाहितीला आणला. दगड वेचून वेचून ज्वारीजोगता केला. आणि एका वर्षी पेरणीच्या तोंडावर माणसं आली, त्यांनी वृक्षारोपणाचे खड्डे पाडले. आजी खड्ड्यापाशी उभी राहून म्हणाली, "झाडाशी माझं भांडण नाही, बाबा. पण माझ्याच वावरात का?" गिरिपुष्पाची रोपं लावली, फोटो निघाले, माणसं गेली. एका उन्हाळ्यात सगळी वाळली. ज्वारीही गेली आणि झाडंही गेली. आजीला मात्र कागदावर एक नाव मिळालं. अतिक्रमणदार.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मी त्या डोंगरावर खड्डे पाडणाऱ्यांच्या बाजूने गेलेली असू शकते. चौदा परदेशी मुलं, हातात रोपं. आजीच्या वावरात आलेल्यांच्या हातातही रोपंच होती. फरक कशाने पडतो?

दुसऱ्या दिवशी मी काकांना विचारलं, आम्हाला इथे कुणी बोलावलं? ते म्हणाले, गावाच्या बैठकीत ठरलं. कोणता उतार झाडांना सोडायचा आणि कोणता लिचीच्या बागेला ठेवायचा, हे गावाने ठरवलं होतं. जंगल वाढलं तर ओढ्याला पाणी राहील, हा त्यांचा हिशेब होता. आणि जंगल राखणारे म्हणून आपली नोंद झाली तर उद्या कुणी उठवायला येणार नाही, हाही होता. हे ऐकून मला थोडा धीर आला.

प्रवासात आम्ही नान प्रांतात गेलो होतो. तिथल्या भिक्खूंचं एक काम सांगण्यासारखं आहे. 1988 साली फायाव प्रांतात भिक्खू फ्राक्रू मानस यांनी झाडाला चीवर गुंडाळण्याचा विधी केला, आणि पुढे नानमध्ये फ्राक्रू पिटाक यांनी तो गावोगाव नेला. त्याला 'बुअत तोन माई' म्हणतात, म्हणजे झाडाची प्रव्रज्या. विनयाप्रमाणे झाड भिक्खू होत नाही, हे ते भिक्खूही जाणतात. तो एक संकेत आहे. परंतु चीवर गुंडाळण्याआधी गावात जाऊन बसायचं, लोकांच्या अडचणी ऐकायच्या, कोणतं जंगल राखायचं हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्यायचं, अशी फ्राक्रू पिटाक यांची रीत होती. चीवर शेवटी.

अशा झाडांवरच्या पाटीवर एक शब्द असे, 'चात'. जंगलाचा नाश म्हणजे चातचा नाश, अशा अर्थाचं ते वाक्य. शिक्षकांनी सांगितलं, चात म्हणजे जन्म, जीवन, आणि राष्ट्रही. मूळ शब्द पालीतला 'जाति'. मी बसमध्ये परत येताना तेच घोळवत होते. एकच शब्द. तिकडे त्याचं जीवन झालं, राष्ट्र झालं. आपल्याकडे त्याचं काय झालं, ते या सभागृहात मी सांगायला नको.

नोव्हेंबरात आमची निघायची वेळ आली. मी माझ्या साठ रोपांची मोजणी केली. सत्तेचाळीस जिवंत होती. मेलेल्या तेरांतली चार माझ्याच विळ्याची. मला सत्तेचाळीसचा अभिमान वाटत होता. मावशी म्हणाल्या, "आत्ता मोजू नकोस. आग येऊन गेली की मोज."

तिकडे पाऊस संपला की गवत वाळतं आणि जानेवारी ते एप्रिल वणव्यांचा काळ. गावकरी जाळरेषा काढतात, रात्री पहारा देतात. मार्चमध्ये मावशींच्या मुलीचा निरोप आला. वणवा पलीकडच्या कड्यापर्यंत आला होता, जाळरेषेवर थांबला. गाव सात रात्री जागं होतं. त्या सात रात्री आम्ही चौदाजण कुठे होतो? आपापल्या घरी, पंख्याखाली. आमच्या प्रमाणपत्रावर मात्र लिहिलं आहे, 'वनसंवर्धनाचे कार्य केले'.

मग अशा दौऱ्याला जाऊ नये का? जावं. आपल्या मुला-मुलींनी तर जरूर जावं, कारण आजवर अशा जागी आपण फार थोडे पोचलो. पण जाताना तीन प्रश्न खिशात ठेवावेत. आपल्याला बोलावलं कुणी? आपण निघून गेल्यावर हे काम कोण करणार? आणि त्याचं नाव कागदावर कुठे आहे? पाच महिन्यांत मी तिथे जंगल उभं केलं नाही. मी शिकायला गेले होते, आणि मावशींनी मला शिकवलं. हिशेब असा उलटा आहे. ऋण माझ्यावर आहे.

ते फेडायचं कुठे? मला वाटतं, इथेच. आपल्या विहाराच्या आवारात दर वर्षी वर्धापन दिनाला पाहुण्यांच्या हस्ते वृक्षारोपण होतं. परवा येऊन मी पाहिलं. सिमेंटच्या पाट्या नऊ आहेत, त्यांवर पाहुण्यांची नावं आहेत. झाडं दोन आहेत. एक पिंपळ, तो भिंतीत आपोआप उगवलेला, पाखराने लावलेला. दुसरा कडुनिंब. त्याला आपल्या दारातल्या शेवंताकाकू रोज भांडी विसळलेलं पाणी घालतात. त्यांच्या नावाची पाटी नाही.

समितीला माझी नम्र सूचना आहे. या वर्षी नवं रोप लावू नये. पावसाळ्यात तीन रविवारी आपण सर्वांनी यावं, आळी करावीत, गवत काढावं. नावांची वही मी आणली आहे, ती बाहेर टेबलावर ठेवते. पहिलं नाव माझं लिहिलं आहे, दुसरं माझ्या आजीचं. ती म्हणाली आहे, गुडघे दुखतात, पण बसून गवत काढता येतं.