पाण्यातला न मोजलेला नायट्रोजन

आज जरा समुद्राकडे जाऊ.

१९८५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडच्या खाड्यांचं पाणी तपकिरी झालं. कारण होतं ऑरिओकॉकस नावाचं शेवाळ, जेमतेम २ मायक्रॉनचं. तळाच्या समुद्री गवताला ऊन मिळेना, स्कॅलॉप शिंपल्यांची पिल्लं जगेनात, आणि त्यावर पोट असलेल्या मच्छीमारांचा धंदाच बसला.

आता गंमत बघा. नायट्रोजन म्हटलं की सहसा नायट्रेट आणि अमोनिया मोजतात. ते कमी असलं की पाणी ठीक, असं वाटतं. पण पाण्यात युरिया, अमिनो आम्लं असा विरघळलेला सेंद्रिय नायट्रोजनही असतो. ऑरिओकॉकस त्यावर मस्त वाढतं, तेही अंधुक उजेडात. २०११ मध्ये त्याचा जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा दिसलं की सेंद्रिय नायट्रोजन वापरायची जनुकं त्याच्याकडे स्पर्धक प्लवकांपेक्षा जास्त आहेत. म्हणजे नायट्रेट संपलं की बाकीचे अडतात, याचं जेवण चालूच.

आपल्या भाषेत सांगायचं तर, लॉगमध्ये एरर नाही म्हणजे सिस्टीम ठीक, असं नसतं. आपण लॉग काय करतोय, ते आधी बघायचं. म्हणून खाडीच्या पाण्याचा रिपोर्ट दिसला की एवढं विचारा: यात सेंद्रिय नायट्रोजन मोजलाय का?

भेटू पुढच्या भागात!