शिक्षक घडतो उमेदवारीतून



कापडाच्या दुकानात नवा मुलगा कामाला आला की त्याच्या हाती पहिल्याच दिवशी कात्री दिली जात नाही. तागा उलगडणे, घडी घालणे, माप घेणे, गिऱ्हाइकाचे मन ओळखणे, अशा क्रमाने तो शिकतो. त्याची चूक जुना जाणकार माणूस त्याच वेळी दाखवून देतो. ही उमेदवारी व्यापारी समाजाच्या परिचयाची आहे. शिक्षकाच्या बाबतीत मात्र पदवी हाती आली की शिक्षक तयार झाला, असे सहज मानले जाते.

खानदेशात आदर्श शिक्षक म्हटले की पूज्य साने गुरुजींचे स्मरण होते. १९२४ ते १९३० या काळात त्यांनी अमळनेरच्या शाळेत अध्यापन केले, छात्रालय सांभाळले आणि १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. वर्गाबाहेरही मुलांच्या सहवासात राहून ते शिक्षक म्हणून घडत गेले. परंतु प्रत्येक गावाला साने गुरुजी लाभत नाहीत. सामान्य तरुण-तरुणींना चांगले शिक्षक होता यावे, यासाठीच प्रशिक्षणाची योजना असते.

या प्रशिक्षणाची पहिली पायरी म्हणजे सूक्ष्म अध्यापन. ही पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झाली. प्रश्न विचारणे, फलकलेखन यांपैकी एकच कौशल्य घेऊन पाच-दहा मिनिटांचा पाठ द्यायचा, त्यावर चर्चा करायची आणि तोच पाठ सुधारून पुन्हा द्यायचा. त्यानंतर टाचण काढून प्रत्यक्ष वर्गावर सराव पाठ आणि पुढे शालेय आंतरवासिता. २०१५ पासून बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला, तेव्हा शाळेतील अनुभवासाठी वीस आठवडे राखून ठेवण्यात आले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकाची किमान पात्रता व्हावी, असे उद्दिष्ट ठेवले आहे.

कालावधी वाढला, तरी खरा प्रश्न त्या आठवड्यांत काय घडते हा आहे. छात्राध्यापकाला केवळ रिकाम्या तासावर पाठवले आणि पाठ न पाहताच वहीवर सही केली, तर वीस आठवडेही वाया जातात. उलट एखाद्या अनुभवी शिक्षकाने मागच्या बाकावर बसून पूर्ण तास पाहिला आणि नंतर दहा मिनिटे शांतपणे दोन गुण व एक उणीव सांगितली, तर तो तास जन्मभर उपयोगी पडतो.

जळगाव-धुळ्याच्या छात्राध्यापकांना आणखी एक तयारी आवश्यक आहे. येथील असंख्य मुलांच्या घरी अहिराणी बोलली जाते, तर सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी आणि भिली. मुलीला घरी ‘आंडेर’ म्हणणाऱ्या बालकाने वर्गात तोच शब्द उच्चारला, तर त्याला हसणारा शिक्षक त्याचे तोंड कायमचे बंद करतो. तोच शब्द फळ्यावर लिहून शेजारी ‘मुलगी’ लिहिणारा शिक्षक त्याला प्रमाण मराठीकडे अलगद घेऊन येतो. ही दृष्टी पुस्तकातून नव्हे, तर वर्गातील सहवासातूनच येते.

म्हणून शाळा चालविणाऱ्या संस्थांनी छात्राध्यापकांना पाहुणे अथवा अडचण न समजता आपले उमेदवार समजावे आणि त्यांच्यासाठी आपला उत्तम शिक्षक नेमून द्यावा. आज त्यांच्यासाठी खर्च केलेला वेळ उद्या आपल्याच मुला-नातवंडांच्या वर्गात फळाला येईल.