आधी रोवलेली कुऱ्हाड



हिमालय आम्ही नकाशावरच शिकविला. तथापि के-टू पर्वतावरील १० ऑगस्ट १९५३ ची हकीकत आम्हांस विसरवत नाही. आजारी गिल्की यांस दोराने उतरविताना बर्फाळ उतारावर जॉर्ज बेल घसरले. दोरांत दोर गुंतून पाच जण कोसळले. गिल्कींसह सहांचा भार एकट्या पीट शोनिंग यांनी पेलला. लोक त्यांचे बाहुबल वाखाणतात. परंतु कोणी घसरण्यापूर्वीच त्यांनी खडकाआड बर्फात कुऱ्हाड रोवून तीस दोराचा वेढा दिला होता! ते पाचही वाचले. गिल्की मात्र त्याच दिवशी नाहीसे झाले, बहुधा हिमलोटात.

एका सहलीत आमचा एक विद्यार्थी शेवाळलेल्या कातळावरून घसरला. करवंदीच्या जाळीने त्यास तारले. दोर आम्ही नेला होता. तो पिशवीत होता.