वनस्पतींतील सूक्ष्म धागे



सेल्युलोज हे नाव काहींना परके वाटेल. वस्तू मात्र परकी नाही. आपल्या हातातली कार्यक्रमपत्रिका, अंगावरचे सुती कापड, या व्यासपीठाच्या फळ्या, सगळीकडे तेच आहे. १८३८ साली आन्सेल्म पायेन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने निरनिराळ्या झाडांचे लाकूड रसायनांनी धुऊन काढले, तेव्हा दर वेळी त्याच्या हाती एकच पांढरा, चिवट पदार्थ उरला. त्याची घटकद्रव्ये मोजली तर ती पिष्टाचीच! म्हणजे ताटातला भात आणि खांद्यावरचा पंचा हे एकाच द्राक्षशर्करेचे दोन अवतार. फरक एवढाच की, साखरेचे कण एकमेकांस जोडण्याची तऱ्हा दोहोंत वेगळी आहे. पिष्टाची साखळी वेटोळी होते नि आपल्याला पचते; सेल्युलोजची सरळ ताठ राहते, आणि ती पचवायला गाईच्या पोटातले जंतू लागतात.

सरळ साखळ्यांचा एक गुण असा की त्या शेजारी शेजारी चपखल बसतात. सुंभ वळणाऱ्याला हे सांगायला नको. एकेक काथ्या कमजोर, पण अनेक एकत्र आले की दोर होतो. झाडातही तेच घडते, मात्र मापे विलक्षण बारीक. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले तर एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. लाकडातला सेल्युलोजचा सूक्ष्म धागा अशा तीन-चार भागांएवढाच रुंद असतो. त्यात अठरा ते चोवीस साखळ्या असाव्यात, असे अलीकडचे संशोधक मानतात. नेमका आकडा अजून वादातच आहे.

असे काही असावे, हे क्षकिरणांवरून आधीच कळले होते. प्रत्यक्ष दर्शन मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घडवले. १९४८ साली इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात प्रेस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हॅलोनिया नावाच्या समुद्रशैवालाची पेशीभित्ती पाहिली. तीत एका थरातले धागे आडवे, तर वरच्या थरातले जवळजवळ उभे. जणू बाजेची वीणच. पुढे २००६ साली अमेरिकेत मोहरीच्या कुळातील एका लहान रोपट्यात हे धागे विणणारे 'माग' चमकत्या प्रथिनाच्या साहाय्याने जिवंत पेशीत सरकताना दिसले. मिनिटाला सुमारे तीनशे नॅनोमीटर! या वेगाने एक मिलिमीटर धागा विणायला दोन दिवसांहून अधिक वेळ लागेल. पण असे माग किती, याला गणती नाही.

या धाग्याचा ताठपणा पोलादाच्या निम्म्याहून जास्त भरतो आणि वजन त्याच्या पाचव्या हिश्शाएवढे. म्हणून 'पोलादाहून बळकट कागद' अशा जाहिराती निघतात. वजनास वजन लावले तर त्यात तथ्य आहे. परंतु ते एकट्या, निर्दोष धाग्याबद्दल. तो धागा एकटा मिळवायचा कसा, हीच खरी अडचण आहे, आणि जाहिरात त्याबद्दल अवाक्षर काढीत नाही.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस न्यू जर्सीमध्ये आयटीटी रेयॉनियर या कंपनीच्या प्रयोगशाळेत टर्बक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गंमत केली. दुधातली साय एकजीव करण्याचे यंत्र असते ना, त्यातून त्यांनी लाकडाचा पाणीदार लगदा प्रचंड दाबाने पुन्हा पुन्हा काढला. बाहेर आली ती अर्धपारदर्शक खळ! शंभर भागांत दोन-तीन भाग सेल्युलोज, बाकी पाणी. तरी भांडे कलते केले तर ओघळत नाही, आणि ढवळले की पातळ होते. पण यंत्राची तोंडे तुंबत, आणि एक किलो धाग्यांमागे वीस-पंचवीस युनिटांहूनही अधिक वीज जाई. इतकी महाग खळ घेणार कोण? पंचवीसएक वर्षे हा शोध बहुतांशी कागदावरच राहिला.

कोंडी फुटली ती जपानात. २००६ साली टोकियो विद्यापीठातील साइतो आणि इसोगाई यांनी बळजबरी सोडून धाग्यांतच दुही माजवली. टेम्पो नावाच्या रसायनाने (आपल्या मालवाहू टेम्पोशी याचे नाते नाही) धाग्यांच्या पृष्ठावर ऋण विद्युत्‌भार निर्माण केला. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात. मग थोडेसे घुसळले तरी धागे सुटे होतात. विजेचा खर्च कितीतरी पटीने उतरला. या कामासाठी २०१५ साली त्यांना आणि त्यांचे सहकारी निशियामा यांना स्वीडनचे मार्कुस वॉलेनबर्ग पारितोषिक मिळाले.

आपल्या माटुंग्यालाही हे काम चालते. १९२४ साली कापसाच्या परीक्षेसाठी तेथे जी प्रयोगशाळा निघाली, तीच आजची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था. २०१५ साली तेथे दिवसाला दहा किलो असे धागे काढणारा प्रायोगिक कारखाना उभा राहिला. कापसात नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असते, आणि सरकीला चिकटलेली आखूड लव सुताला निरुपयोगी. तिला चांगला भाव मिळण्याची ही एक वाट आहे. दहा किलोंवरून कोणी लगेच विदर्भाच्या समृद्धीचे मनोरे रचू नयेत, एवढेच.

कारण एक गाठ अजून सुटायची आहे. खळ वाळवली की धागे एकमेकांना असे घट्ट बिलगतात की पुन्हा पाण्यात टाकले तरी पहिल्यासारखे सुटे होत नाहीत. ओलीच पाठवावी, तर मालमोटारीतून सत्त्याण्णव भाग पाणीच वाहून न्यायचे! प्लास्टिकात मिसळायचे तर त्याचे नि पाण्याचे जमत नाही. क्योटो विद्यापीठाच्या पुढाकाराने असे धागे वापरून बनवलेली मोटार २०१९ साली टोकियोच्या प्रदर्शनात मांडली गेली. तरी तशा मोटारी अजून रस्त्यावर दिसत नाहीत. जिथे पाणी काढावेच लागत नाही तिथे मात्र हे धागे कामाला लागले आहेत. बॉलपेनच्या शाईत ते असतात. पेन थांबले की शाई घट्ट राहते. गोळी फिरू लागली की पातळ होऊन वाहते. काही कागद गिरण्यांनी तर खळ आपल्याच आवारात करून नळाने थेट शेजारच्या यंत्रावर सोडायला सुरुवात केली आहे.