उचल घेऊन काम सोडलं तर?

(खारदांड्यात बोटींवर आणि बांधकामावर कामाला आलेल्या आपल्या लोकांसमोर केलेलं भाषण. पाड्यावर वाचून दाखवावं.)



आत्ता येताना एका भावाने कागद दाखवला. त्यावर लिहिलंय, हंगाम संपायच्या आत बोट सोडली तर उचलीच्या दुप्पट रक्कम भरीन. खाली अंगठा. तो म्हणतो, दादा, आई आजारी आहे, गावाला जायचंय, पण मालक म्हणतो पोलिसात देईन.

तर आधी हे समजून घेऊ. उचल घेतली, काम कबूल केलं, म्हणजे करार झाला. तोंडी असला तरी करारच. १८७२ चा करार कायदा मालकाला आणि आपल्याला, दोघांनाही लागू आहे. मधेच सोडलं तर करार मोडला, हे खरं. ते लपवायचं नाही. पण मालकाला मिळतं काय? नुकसानभरपाई. तीही दिवाणी कोर्टात जाऊन, आणि तुमच्या जाण्याने जे सरळ नुकसान झालं तेवढीच. कलम ७४ सांगतं, कागदावर दंड कितीही लिहा, कोर्ट वाजवी वाटेल तेवढंच देईल. लिहिलेला आकडा ही फक्त वरची हद्द. न फिटलेली उचल मात्र हिशोबाने परत द्यावी लागते, त्यात वाद नाही.

आणि कोर्टसुद्धा तुम्हाला धरून बोटीवर चढवू शकत नाही. माणसाच्या अंगमेहनतीचा करार जबरदस्तीने पाळायला लावता येत नाही. १९६३ चा त्याचा वेगळा कायदा आहे, नाव अवघड आहे, सोडा. पोलिसांचं यात काम नाही. सुरुवातीपासूनच बुडवायचं ठरवून पैसे घेतले असतील तर गोष्ट वेगळी.

मग पोलिसाची भीती कुठून आली? इंग्रजांनी १८५९ साली कायदा केला, आधी कलकत्ता, मद्रास आणि ही आपली मुंबई यांच्यासाठी. उचल घेतलेल्या कामगाराने काम टाकलं की मॅजिस्ट्रेट म्हणणार, पैसे भर नाहीतर काम कर. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. मजुरी बुडवणाऱ्या मालकाला त्या कायद्यात तुरुंग नव्हता! १९२५ साली तो रद्द झाला. मालक लोक अजून त्याच्याच जोरावर बोलतात.

आता उलट बघा. मालकच मजुरी देईना, कबूल केलेलं काम द्यायला साफ नाही म्हणाला, तर करार तुम्ही संपवू शकता. झालेल्या कामाचे पैसे आणि वर नुकसानही मागू शकता. किमान वेतनापेक्षा कमी दिलं तर तीन वर्षांच्या आत अर्ज करायचा. शिमगा होऊ दे मग बघू, असं म्हणत राहणाऱ्याचे पैसे जातात.

मागे बसलेल्या बाई विचारतात, नवरा मेला तर पोराला पाठवायला लागेल का? नाही. ज्याने कबूल केलं त्याच्याबरोबर ते काम संपलं. वादळात बोटच फुटली तरी तसंच, पुढचं काम दोघांनाही सुटलं.

पण हे झालं मोकळ्या माणसाचं. जिथे उचल दिली म्हणून दुसरीकडे जाऊ देत नाहीत, बायकापोरांना राबवतात, तो करारच नव्हे. ती वेठ. लग्नासाठी पैसे घेऊन जन्मभर राबणारे लग्नगडी आपल्याच डहाणू-तलासरीत होते, १९४५ च्या वारल्यांच्या लढ्याने ते सोडवले. १९७६ च्या वेठबिगारीविरुद्धच्या कायद्याने असं कर्जच संपवलं. फेडायचं नाही! मालकाने घेतलं तर त्यालाच तीन वर्षांपर्यंत कैद. कर्ज वेठीचं नव्हतं हे सिद्धही त्यानेच करायचं. फरीदाबादच्या दगडखाणींच्या खटल्यात १९८३ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मजूर जबरदस्तीने राबतोय हे दिसलं, तर तो उचलीपायीच राबतोय असं कोर्ट धरून चालेल. तक्रार तहसीलदार, प्रांत नाहीतर कलेक्टरकडे करायची.

कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. घेतलेल्या पैशाची तारीख शाळेत जाणाऱ्या पोराकडून वहीत लिहून घ्या.

या भावाचा कागद मी नकलून घेतलाय. आज रात्री बसून हिशोब करू. किती उचल, किती दिवस काम, किती फिटली. पत्र उद्या रजिस्टर पोस्टाने मालकाला जाईल, आणि हा सकाळच्या गाडीने आईकडे.