‘रोड’ या शब्दातले अंतर



रेल्वेच्या परिभाषेत स्थानकाच्या नावापुढे ‘रोड’ लागले की गाव तेथून दूर आहे, असे समजावे. आपले ‘मानवत रोड’ त्यांतलेच. कापसाची बाजारपेठ एकीकडे, लोहमार्ग दुसरीकडे. रेल्वे श्रेष्ठ की मोटार, हा वाद मी दुय्यम मानतो; हे अंतर कोणी सांधावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

ब्रिटनने १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर हजारो मैल लोहमार्ग बंद केले. बदली बसगाड्याही पुष्कळ ठिकाणी लवकरच थांबल्या. स्वित्झर्लंडमध्ये मात्र डोंगरातील पोस्टाची बस आगगाडीच्या वेळेला स्थानकावर हजर असते.

पण इतके दूर कशाला? १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेनेच २७ बसगाड्यांनिशी रस्ता-वाहतूक सुरू केली. रूळ आणि रस्ता एकाच खात्याखाली! हेतू निव्वळ लोककल्याणाचा होता, असे मी म्हणणार नाही. सरंजामी राज्यच ते. पुढे रेल्वे केंद्राकडे गेली, एस.टी. राज्याकडे. दोन्ही सार्वजनिक मालकीच्या. वेळापत्रके मात्र दोन स्वतंत्र कचेऱ्यांत ठरतात. उशिराच्या गाडीने उतरणाऱ्या विद्यार्थिनीला या मालकीचा उपयोग काय?

आपल्या निवेदनात म्हणूनच एवढेच लिहा : दोन्ही वेळापत्रके एका टेबलावर ठेवा आणि शेवटची एस.टी. शेवटच्या गाडीनंतरच सोडा.